मागच्या डब्याचं दार

सोदेहाराच्या स्टेशनात माणूस नेमलेला नाही, त्याला आता पन्नास वर्षं झाली. तिकिटाच्या खिडकीला फळी ठोकली आहे आणि फळीवर कुणाच्या तरी हातचं गाडीचं वेळापत्रक चिकटवलं आहे. पण म्हणून स्टेशन बेवारशी आहे असं कुणी म्हटलेलं कानेयोला खपत नसे. रोज सकाळी सातला ती खराटा घेऊन हजर. फलाट झाडायचा, वेटिंग रूमच्या काचा पुसायच्या, बाकावरची सात बसकरं झटकायची, आणि शेवटी खिडकीखाली दोरीने बांधलेली वही उघडून वाचायची. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरायचे आणि ती त्यांच्याहून जास्त कुरकुरायची.

वहीत कुणीही काहीही लिहावं. गाडीची वाट बघत दोन-दोन तास बसलेला माणूस दुसरं करणार काय? कुणी लिही, नोकरी सोडली, आता घरी जातोय. कुणी नदीचं चित्र काढी. कुणी लिही, बसकरं फार उबदार आहेत, विणणाऱ्याचे आभार. ते आभार वाचले की बसकरं विणणारी योने, कानेयोची शेजारीण, दिवसभर फुगून फिरे. कानेयो लाल पेन्सिलीने खाली उत्तरं लिहायची. 'छत्री सापडली. खिळ्याला अडकवली आहे.' 'चित्रात पूल उलटा काढला आहे. तरी चांगलं आहे.' कौतुक करताना तिचा हात जरा आखडताच असे.

तिला हा अधिकार कुणी दिला होता? कुणीच नाही. पण स्टेशनचे शेवटचे स्टेशनमास्तर तोकुजिरो हे तिचे वडील, आणि स्टेशनामागच्या दोन खोल्यांच्या घरात ती जन्मली, वाढली, नवरा वारल्यावर तिथेच परत आली. त्या घरात जेवायला दोन मिनिटं उशीर झाला तर बाबा ओरडत नसत, नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. तेवढं पुरे होई. तीस वर्षांच्या नोकरीत बाबांच्या चुकीने गाडी एकदाही उशिरा सुटली नाही. हे कानेयो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायची, जुन्याला दर आठवड्याला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला एक कार्ड आलं. अक्षर बघूनच तिने ते पालथं ठेवलं, चहा केला, प्यायली, कप धुतला, आणि मग उलटं केलं. धाकट्या बहिणीचं, मिसाओचं कार्ड.

'तीस तारखेला मी सेंदाईला मुलाकडे कायमची राहायला जाते आहे. सकाळच्या गाडीने निघेन. त्याआधी एकदा बाबांच्या समाधीवर जायचं आहे. सतरा तारखेला, गुरुवारी, दहा बेचाळीसच्या गाडीने येईन. तुला भेटायचं नसेल तर स्टेशनावर येऊ नकोस. वाट मला माहीत आहे.' खाली फोन नंबर. बस. तब्येत कशी आहे वगैरे काही नाही.

मिसाओ वर मिहाताला असायची. गाडीने चाळीस मिनिटं. आणि त्या चाळीस मिनिटांच्या अंतरावर राहून दोघी बहिणी चौदा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

का, ते सांगायलाच हवं. चौदा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बाबा गेले, तेव्हा मिसाओ पोचली नाही. निरोप दुपारी एकच्या सुमारास गेला होता. ती नवऱ्याच्या मोटारीने निघाली, घाटात बर्फात एक ट्रक आडवा झालेला, मोटार अडकली. ती पोचली तेव्हा बाबांना जाऊन चाळीस मिनिटं झाली होती. अंत्यविधीच्या दिवशी सगळं गाव उदबत्ती लावायला रांगेत उभं होतं आणि त्या रांगेसमोर कानेयो मिसाओला म्हणाली, "स्टेशनमास्तरच्या घरात उशिरा येणारी तूच पहिली."

आवाज चढवला नव्हता. पण रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. मिसाओने उदबत्ती लावली, वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. पुन्हा आली नाही.

आणि ही गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर कानेयोला रात्री झोप लागली असती. बाबा शेवटच्या तासात शुद्धीवर होते. ते सारखे विचारत होते, मिसाओ कितीला पोचते? कानेयो म्हणाली, दोन दहाला पोचायला हवी होती. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाले, "बर्फ पडतोय. उशीर होऊ दे. सुखरूप येऊ दे." जन्मभर मिनिटं मोजलेला माणूस हे म्हणाला. हे त्यांचे शेवटचे शब्द. ते मिसाओसाठी होते.

कानेयोने ते मिसाओला दिलेच नाहीत. अकरा वर्षं बाबांचं अंथरूण-पांघरूण तिने काढलं, मऊ भात तिने भरवला, आणि शेवटचा शब्द मात्र त्या दुसरीसाठी, जी वर्षातून दोनदा मोटारीने यायची आणि दुकानातला गोड खाऊ आणायची. त्या दिवशी कानेयोच्या पोटात जे काही जळलं, त्याच्या भरात तिने तो निरोप गिळला आणि त्याच्या जागी टोमणा दिला. खोटं कशाला बोला, ती वाईट वागली. तिला ते त्याच रात्री कळलं होतं. पण एक दिवस गेला, एक महिना गेला, मग अशा गोष्टी दाबल्याच जातात.

आता कार्ड आलं होतं. कानेयोने ठरवलं, द्यायचा. सतरा तारखेला निरोप द्यायचा.

दोन दिवस आधी तिने खारवलेले बांगडे आणले, व्हिनेगरमध्ये मुरत घातले, पोटात भात भरला, बांबूच्या पानात गुंडाळून वर दगड ठेवला. आमच्या डोंगरात शरदाच्या जत्रेला बांगड्याची सुशी नसेल तर ती जत्रा नव्हे, आणि मिसाओ लहानपणी शेपटीकडचा तुकडा कुणाला शिवू देत नसे. योने वासावर आली.

"जत्रा पुढच्या रविवारी आहे, आणि तू आजच दगड ठेवलास?" योने म्हणाली. "कोण येतंय? नवरा बघितलास की काय नवा?"

"तुझ्या तोंडाला कुलूप लाव. मिसाओ येतेय."

योनेने पुढची थट्टा गिळली. असं फार क्वचित होई. मग म्हणाली, "बसकरं धुऊन टाकते."

गुरुवारी कानेयो साडेदहालाच फलाटावर उभी राहिली. केस विंचरलेले, राखाडी जाकिटाची सगळी बटणं लावलेली. तोंडातल्या तोंडात ती वाक्य घोकत होती. बाबा म्हणाले होते, उशीर होऊ दे. बाबा म्हणाले होते. आमच्या लाईनीवर एरवी एकच डबा धावतो, पण डोंगर लाल झाला की तीन आठवडे शहरातली माणसं पानं बघायला येतात आणि दोन डबे जोडतात. त्या दिवशीही दोन होते, दोन्ही खच्चून भरलेले. कानेयो पुढच्या डब्याच्या पुढच्या दारासमोर उभी राहिली. ड्रायव्हर एकटाच, तिकीटही तोच घेणार, त्यामुळे माणूस उतरणार तो तिथूनच.

दार उघडलं. कॅमेरेवाले चौघे उतरले. एक बाई लहान कुत्र्याची पिशवी घेऊन उतरली. मग कुणी नाही. ड्रायव्हर कुवाजिमा, तिशीतला, गोरागोमटा, तिला ओळखणारा, त्याने टोपीला हात लावला, फलाट मोकळा आहे का ते दाखवणाऱ्या आरशाकडे नियमाप्रमाणे बोट दाखवून "ठीक" म्हटलं, दार लावलं.

कानेयो तिथल्या तिथे वळली आणि वेटिंग रूममध्ये जाऊन तिने दार लोटून घेतलं. गाडी गेलेली तिने पाहिलीही नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कॅमेरेवाल्यांना दाखवायची तिची इच्छा नव्हती.

"आली नाही," तिने योनेला सांगितलं आणि सुशीचा सगळा डबा तिच्या हातात दिला.

"गाडी चुकली असेल."

"चौदा वर्षांनी यायचं आणि गाडी चुकवायची? मला फलाटावर उभं करून बघायचं होतं तिला. झालं समाधान. फेड झाली."

"अगं, मग फोन तरी..."

"बांगडा खा आणि गप्प बस."

योनेने बांगडा खाल्ला, कारण टाकवेना, आणि गप्पही बसली, कारण कानेयो जाकिटाची बटणं काढून पुन्हा लावत होती. कानेयोने कार्ड घडी करून ड्रॉवरच्या तळाशी टाकलं. बरं झालं, ती स्वतःला म्हणाली. निरोप माझ्यापाशीच राहू दे. त्यानंतर ती रोज स्टेशन झाडत राहिली, पण वही काही तिने उघडली नाही. दुसऱ्यांची सुखदुःखं वाचायची तिला इच्छाच होईना. लाल पेन्सिल दोरीला नुसती लोंबत राहिली.

तीस तारीख उजाडली. सकाळची गाडी म्हणजे दोनच, सात अडतीसची आणि दहा बेचाळीसची, आणि सेंदाईला जायचं म्हणजे दोन्हींतली कुठलीही सोदेहारावरूनच खाली शहराकडे जाणार. कानेयोला काही देणंघेणं नव्हतं. तरी सात अडतीसला ती वेटिंग रूमची काच पुसत होती, जी तिने सातलाच पुसली होती. एकच डबा आला, शाळेची पोरं आणि दोन दवाखान्याला जाणारे म्हातारे. मिसाओ नव्हती.

आठच्या सुमारास योने धुतलेली बसकरं घेऊन आली. ती मांडताना तिने दर पंधरवड्याच्या सवयीने वही उघडली, आपल्या बसकरांबद्दल कुणी काही लिहिलंय का बघायला.

"कानेयो."

"काय?"

"बस जरा."

"झाडू मारतेय दिसत नाही?"

"झाडू ठेव आणि बस म्हणते ना." योनेचा आवाज काही वेगळाच लागला. कानेयो बसली. योनेने वाचायला घेतलं.

'मी पानांचे फोटो काढायला येतो. गेल्या गुरुवारी, सतरा तारखेला, मी दहा बेचाळीसच्या गाडीत मागच्या डब्यात होतो. माझ्यासमोर सत्तरीतल्या एक बाई काठी घेऊन उभ्या होत्या, हातात जांभळ्या फडक्यात बांधलेली फुलं. मागच्या डब्याची दारं इथे उघडत नाहीत असं गाडीत सांगितलं, ते त्यांनीही ऐकलं. मी म्हणालो, पुढे जायला हवं. त्या म्हणाल्या, हे माझ्या बाबांचं स्टेशन आहे, इथे सगळी दारं उघडतात. गाडी थांबल्यावर त्यांनी दाराचं बटण दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. पुढे जायला वाट नव्हती, माणसं खेटून उभी होती. फलाटावर राखाडी जाकिटातल्या एक आजी पुढच्या दाराकडे बघत होत्या. या बाई काचेतून त्यांना वाकून नमस्कार करत होत्या. मग त्या आजी पाठ फिरवून आत गेल्या आणि त्यांनी दार लावलं. बाई म्हणाल्या, बरोबर आहे तिचं. आणि बसल्या. मी तेव्हा ड्रायव्हरला हाक मारायला हवी होती. सगळ्यांची गाडी थांबेल म्हणून मला संकोच वाटला. ते मनातून जात नाही. म्हणून आज मुद्दाम इथे उतरून लिहितो आहे. कुणाला त्या बाई माहीत असतील तर कृपा करून सांगा की दार उघडलं नव्हतं.'

खाली तारीख होती, तेवीस ऑक्टोबर. सात दिवस ते तिथेच पडून होतं.

मिसाओचं लग्न झालं तेव्हा स्टेशनात माणसं होती, बाबा शिट्टी फुंकायचे आणि डब्यांची सगळी दारं उघडायची. नंतर जन्मभर ती नवऱ्याच्या मोटारीतूनच आली. नवरा वारला, मोटार गेली, तेव्हा ती पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या गाडीत चढली होती.

"सगळी दारं उघडतात म्हणे," कानेयो म्हणाली. "हट्टी. लहानपणापासून अशीच." आणि मग तिला रडू आलं. तोंडावर झाडूचा हात तसाच धरून ती रडली. "आणि मी पाठ फिरवली गं. मी पाठ फिरवली."

"फोन कर," योने म्हणाली.

कानेयो घराकडे जवळजवळ धावली. ड्रॉवरच्या तळाशी कार्ड होतं. नंबर फिरवला. हा नंबर सध्या वापरात नाही, असं एक गोड आवाजातली बाई सांगू लागली. घर आवरलं होतं, फोन काढला होता. माणूस वाटेला लागलं होतं किंवा लागणार होतं. राहिली ती एकच गोष्ट, दहा बेचाळीसची गाडी. ती सोदेहाराला तीस सेकंद थांबते.

तीस सेकंदांत चौदा वर्षांचं काय सांगून होणार? आणि सांगायचं कुणाला? गर्दी तीच, डबे दोन, आणि मिसाओ इथे उतरणारही नव्हती. ती कशाला पुढच्या दाराशी येईल?

कानेयोने कपाटातून बाबांचा लाल बावटा काढला. लाकडी दांडा हातांनी गुळगुळीत झालेला. हा हलवला की गाडी थांबलीच पाहिजे. तिने तो हातात तोलला, आणि परत ठेवला. लाल बावटा रुळावर झाड पडलं तर. आपल्या घरच्या भांडणासाठी बाबांनी तो कुणाला धरू दिला नसता.

"बांगडा तरी ठेवायला हवा होता मी," योने दारातून म्हणाली. "शेपटी तरी."

"तू खाल्लास ते बरं झालं. इतके दिवस कुठला टिकतोय." कानेयोने जाकीट चढवलं. "चल."

दहा बेचाळीसला गाडी आली, सेकंदाचाही फरक नाही. कानेयोने आज पुढचं दार सोडलं आणि ती मागच्या डब्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. काचा एकेक करून पुढून सरकल्या. टोप्या, कॅमेरे, एक झोपलेलं पोर. शेवटून तिसऱ्या खिडकीत मिसाओ बसली होती. निळी टोपी, मांडीवर पिशवी, आणि तोंड मुद्दाम पलीकडच्या बाजूला वळवलेलं. या स्टेशनाकडे बघायचंच नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. मान किती वाळली होती तिची. कानेयोला वाटलं होतं, बहीण त्र्याहत्तरची झाली तरी दिसायला तशीच असेल.

कानेयोने काचेवर टकटक केलं. मिसाओ वळली. दोघी बघत राहिल्या. कानेयो बोलली, पण काच जाड, आतली ओठ बघतेय आणि काही कळत नाही. मिसाओने पिशवी घट्ट धरली आणि मान किंचित वाकवली, अनोळखी माणसाला करतात तेवढीच.

घंटा वाजली. आता दार लागणार.

"आजी," गाडीच्या भोंग्यातून कुवाजिमाचा आवाज आला, "पिवळ्या रेषेच्या मागे व्हा. गाडी सुटते आहे."

कानेयोने सत्तर वर्षांत ती रेषा कधी ओलांडली नव्हती. ओलांडणाऱ्या पोरांना तिने कान धरून मागे ओढलं होतं. ती आज रेषेच्या पलीकडे, डब्याला चिकटून चालू लागली, पुढच्या दारापर्यंत आली आणि एक पाय आत ठेवून उभी राहिली.

"कुवाजिमा-सान, गाडी थांबवा."

"आजी, चढताय का तुम्ही?"

"चढत नाही. मागच्या डब्यात माझी बहीण आहे. तिच्यासाठी वडिलांचा एक निरोप आहे, तो माझ्याकडे चौदा वर्षं राहून गेलाय. तो देते आणि उतरते."

कुवाजिमाने समोरच्या खिशातल्या घड्याळाकडे पाहिलं. "आजी, दहा बेचाळीस झाले. खाली शहरात लोकांच्या पुढच्या गाड्या असतात. तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हीच तर मला मागच्या वर्षी वीस सेकंदांवरून बोलला होतात."

"बोलले होते. त्याची माफी मागते. तरी थांबवा." आणि ती कमरेत वाकली, दारातच, उतारूंच्या देखत, तिचं डोकं गुडघ्यांपर्यंत आलं. तशीच राहिली.

कुवाजिमा जरा वेळ त्या पांढऱ्या डोक्याकडे बघत होता. मग त्याने माईक उचलला. "उतारूंना विनंती आहे. एका आजींना मागच्या डब्यात जायचं आहे. कृपया वाट द्या. गाडी थोडी उशिरा सुटेल. आपल्याला त्रास होतो आहे, क्षमा असावी."

माणसांनी वाट दिली. कशी दिली कुणास ठाऊक, मुंगीला जागा नव्हती तिथे. पाठीवरच्या पिशव्या डोक्यावर गेल्या, कुणी बाकाच्या कडेवर चढलं, कुणी पोरं उचलली. कानेयो "माफ करा, माफ करा" म्हणत पुढचा डबा ओलांडून मागच्या डब्यात गेली. इतक्या लोकांना एका दमात तिने जन्मात त्रास दिला नव्हता. मिसाओने तिला येताना पाहिलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला. अजून काय राहिलंय बोलायचं, असा.

"मिसाओ, त्या दिवशी दार उघडलं नाही हे मला आज कळलं. मी तुला पाहिलंच नाही. तू आली नाहीस म्हणून मी रडत आत गेले."

मिसाओने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"आणि दुसरं." कानेयोचा श्वास पुरत नव्हता. डबाभर माणसं ऐकत होती आणि ते बरंच होतं, कारण तो टोमणाही तिने रांगेसमोरच मारला होता. "बाबा जाताना तुझ्याबद्दल बोलले होते. मी तुला सांगितलं नाही. मला फार लागलं होतं की ते तुझ्यासाठी बोलले. ते खिडकीतून बघून म्हणाले, बर्फ पडतोय. उशीर होऊ दे. सुखरूप येऊ दे."

मिसाओच्या मांडीवरची पिशवी सरकून खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"बाबा म्हणाले?" तिने विचारलं. "उशीर होऊ दे, असं बाबा म्हणाले?"

"बाबाच म्हणाले."

"चौदा वर्षं मला वाटतंय, ते घड्याळाकडे बघत गेले."

"बघितलं घड्याळाकडे. मग बाहेर बर्फाकडे बघितलं. आणि मग हे म्हणाले."

मिसाओने टोपी काढून तोंडावर धरली. तिचे खांदे हलत होते. कानेयोला काय करावं कळेना, आमच्याकडे चारचौघांत कुणी कुणाला जवळ घेत नाही. ती खाली बसली आणि पिशवीतून सांडलेलं सगळं गोळा करू लागली. चष्म्याची डबी, औषधं, प्रवासासाठी घेतलेला जेवणाचा डबा, आणि जांभळ्या फडक्यात वाळून गेलेली फुलं. ती तिने तेरा दिवस टाकली नव्हती, सेंदाईला घेऊन निघाली होती.

"आजी," कुवाजिमा आतल्या दारातून डोकावत अगदी हळू म्हणाला. "तीन मिनिटं झाली."

"झालं माझं. मी उतरते." कानेयो उठली, पिशवी मिसाओच्या मांडीवर ठेवली. "पोचलीस की कळव."

ती दोन पावलं गेली असेल.

"पुढची गाडी कितीला?" मागून मिसाओ म्हणाली.

"एक एकोणपन्नासला."

"मग मी उतरते. फुलं ठेवायची राहिलीत." ती काठी टेकत उठली. "आणि दार कुठलं उघडतं ते आता दाखव मला. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"गाडीत सांगतात."

"ते गाडीने सांगितलं. घरच्या माणसाने सांगायला हवं."

वाट पुन्हा झाली. या वेळी काठीसाठी आणि पिशवीसाठी लोकांचे हात आपणच पुढे आले. दोघी फलाटावर उतरल्या, योने लांबूनच डोळे पुसत उभी होती. कुवाजिमाने आरशाकडे बोट दाखवलं, "ठीक" म्हटलं, आणि दहा सेहेचाळीसला गाडी सुटली. सोदेहाराच्या फलाटावर आत्तापर्यंत कधीच कुणाच्या घरच्या कारणाने गाडी चार मिनिटं थांबली नव्हती. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत दोघी वाकून उभ्या होत्या.

मिसाओने कानेयोच्या घरून मुलाला फोन लावला. "हं, मीच. मला उशीर होईल. नाही, काही झालं नाही. अरे, सोदेहाराला आहे. ताईकडे. होईल तीन-चार तास." मग तिकडचं काहीतरी ऐकून म्हणाली, "होऊ दे."

मग त्या टेकडीवर बाबांच्या समाधीपाशी गेल्या. काय बोलल्या ते योनेलाही कळलं नाही, आणि योनेने ते अजून मनात धरलं आहे. परत आल्या तेव्हा साडेबारा झाले होते. वेटिंग रूमच्या बाकावर बसून तिघींनी मिसाओचा एकच डबा वाटून खाल्ला. बांगड्याचं कळल्यावर मिसाओ योनेला म्हणाली, "शेपटीकडचा तुकडा पण?" योनेने मान खाली घातली. "पुढच्या शरदात येते," मिसाओ म्हणाली. "तेव्हा हिला जवळ फिरकू देऊ नकोस, ताई."

दीडच्या सुमारास कानेयोने वही उघडली. तेवीस तारखेच्या पानावर त्या माणसाच्या अक्षराखाली तिने लाल पेन्सिलीने लिहिलं, 'आपलं लिहिलेलं वाचलं, उशिरा वाचलं. आज दहा बेचाळीसची गाडी चार मिनिटं थांबली. दोष माझा. मागच्या डब्यातली बाई उतरली आहे. आपण मनाला लावून घेऊ नये.' तिने ते दोनदा वाचलं, आणि कधी नव्हे ते शेवटी लिहिलं, 'आभार.'

"बघू," मिसाओ म्हणाली. तिने चष्मा लावून सगळं पान वाचलं, सावकाश, गाडीला अजून एकोणीस मिनिटं होती. मग पेन्सिल कानेयोच्या हातातून घेतली आणि त्याच्याखाली आपल्या हाताने लिहिलं, 'उशीर झाला. सुखरूप पोचले.'